एका पेळूची चुप्पी

८ नोव्हेंबर ७८, नाचणगाव

दिवाळीहून एकटाच परत आलो. सुमन आली नाई.

सासरवाडीहून, नांदुऱ्यापासून पुलगावपर्यंत, गाडीत उभाच. सासऱ्यानं दिवाळसण बराबर केला, कपडे देल्ले, गोडधोड देल्लं, आणि निघाच्या टाइमाले म्हणे, "जवाईबापू, पोरगी सध्या राहू द्या." सध्या म्हणजे कधीलोक? कोनी सांगत नाई. सासू चुलीकडं तोंड करून. साळा वसंता अंगठ्यानं माती कोरत उभा. सुमन तं बाहेरच आली नाई.

लग्न मे मधलं. पावसाळाभर इथं माह्यासंग राह्यली. मारझोड नाई, शिवी नाई, दारू मी पीत नाई. मंग झालं काय?

घरमालकीण काकू दारातच म्हणे, "एकटेच? मले वाटलंच होतं."

साऱ्या दुनियेले वाटलंच होतं. मलेच काऊन वाटलं नाई?

९ नोव्हें.

कापसाचा कारखाना, आपली जिन, सुरू झाली. कापसाच्या बंड्या फाटकापासून पार सडकेलोक. दिवसभर रेच्यात कापूस टाकला. रेचा सरकी बाजूले करते अन् रुई उडवते: नाकात रुई, कानात रुई, भाकरीत रुई.

मुकादम: "काय बे जगन, वैनी कुठं?"
म्हटलं, तुले काय कराचं?
झालं. दुपारून सरकीच्या पोत्यावर लावलं मले. पाठ मोडली.

घरी येऊन काकूले सरळ इचारलं, सुमन तुमाले काही बोलली का. काकू म्हणे, "बोलली ना. म्हणे हा माणूस ऐकतच नाई. भिंतीसंग बोलल्यावानी वाटते."
म्हटलं, मी तिले कधी वाकडं बोललो नाई.
"बोलला नाई हे खरं. ऐकलं कधी?"

तेवढ्यात आतून गुरुजी. गुरुजी म्हणजे काकूचे मालक, रिटायर मास्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान भल्ले तेज. म्हणे, "जगन, गुरुवारी अन् रविवारी सांजीले वाचनाले बसत जा. मले वाचणारा पाह्यजेच हाये. अन् तुले..." 

मी चौथीलोक शिकलो, तेही धक्के खात. बायको गेली म्हणून मले पुस्तक वाचाले लावते! ताप आला तं पायाले तेल लावल्यासारखं.

१२ नोव्हें., रवि.

बसलो. भेजा आऊट.

चौघं होतो. गुरुजी. किराणावाले मोतीलालशेठ. बाजूच्या वावरवाले पांडुरंगभाऊ, ते बसल्याबरोबर झोपते. आणि मी. पुस्तकाले वरचं पान नाई, नाव नाई, लिहिणाऱ्याचं नाव नाई. गुरुजींनी रद्दीतून उचललं. म्हणे, बरं झालं, नाव असलं की लोक नावच वाचते.

नियम असे. एक पान वाचाचं. एकच. मंग टकळी घ्याची, आणि एक पेळू, म्हणजे कापसाची वीतभर वळी, कातून होईस्तोवर कोनी बोलाचं नाई. मंग एकेकानं सांगाचं, वाचल्यातलं मनात काय राह्यलं. दुसऱ्यानं मधात तोडाचं नाई, उत्तर द्याचं नाई, समजावाचं नाई.

मी म्हटलं, गुरुजी, दिवसभर कापूस, आता सांजीले पण कापूस?
गुरुजी: "दिवसा तू कापूस पाहत नाई. फक्त टाकते."

मी अडखळत वाचलं. पानात काय, तं एक बाई घागर घेऊन विहिरीवर जाते. संपलं पान. मी पुढचं पलटवाले गेलो तं शेठनं हात धरला. "अरे भाई, रुको."

टकळीवर सूत तुटलं, तुटलं, तुटलं. त्याइचा पेळू संपला, माहा तसाच. सगळे माह्यासाठी बसून. पांडुरंगभाऊ घोरून राह्यले, पण त्याइचा हात फिरूनच राह्यला. हे कसं जमते?

माही बारी आली. मनात काय राह्यलं? म्हटलं, काही नाई राह्यलं.
गुरुजी म्हणे, "चालते. हेही एक सांगणंच होय."
डोक्शात जाते असं ऐकलं की.

२३ नोव्हें., गुरु.

बाई अजून विहिरीवर.

२६ नोव्हें.

बाईनं घागर पाण्यात सोडली. एक पुरं पान! पाण्यावर घागर कशी आडवी झाली, आवाज कसा आला, दोर कसा ओला झाला. अरे, मी रोज पाणी भरतो, एका मिंटात होते ते.

शेठनं सांगतलं, त्याच्या मनात दोर राह्यला. त्याची माय राजस्थानातून आली तवा म्हणे तिले इथलं पाणी इतक्या जवळ पाहून भेव वाटलं होतं.  शेठचे डोळे भरले. मी खाली पाहत राह्यलो. शेठ तं रोज दुकानात छटाकभर गुळासाठी लोकाइसंग भांडते.

५ डिसें.

सुमनचा काही निरोप नाई. मी एक कार्ड टाकलं, तब्येत बरी हाये, येजो. अजून काय लिहाचं सुचलं नाई. जिनमध्ये भांडण, कापसाच्या गठाणी उचलाचा हूक कोनी पळवला म्हणून. मी नाई तो. नाव माहंच आलं.

१७ डिसें., रवि.

आज वाचन पवनारले. गुरुजींचा हट्ट. पहाटेची एसटी, वर्ध्याले बदलून. नदीच्या गोट्यावर बसलो, आश्रमाच्या खालच्या अंगाले. एक पान वाचलं (बाई घागर डोक्यावर घेत नाई, काठावर ठेवून बसते. बसते!!). मंग आज टकळी नाई, म्हणे पाणी पाहा.

काय पाहाचं पाण्यात? धाम नदी हाये, वाहून राह्यली. एक म्हैस उतरली. एक माणूस सायकल धुऊन राह्यला. मले भूक लागली. सुट्टीचा दिवस, मले केस कापाचे होते, चप्पल शिवाची होती.

परतीच्या एसटीत पांडुरंगभाऊ बाजूले. मी म्हटलं, भाऊ, तुमी झोपाले इतक्या दूर काऊन येता?
भाऊ म्हणे, "घरी मले सारे काम सांगते रे बावा. इथं कोनी काही मागत नाई."
त्याइचं बरं हाये.

२१ डिसें.

आज एक अजब झालं. जिनमध्ये तोच मुकादम माह्या अंगावर आला, मायवरून बोलला. एरवी मी कालर धरली असती. आज धरली नाई. उभा राह्यलो. त्याचं पुरं ऐकलं. त्याच्या मिशीले रुई लागली होती. बोलता बोलता तोच थकला, म्हणे, "जा बे, काम कर." संपलं!

इतके दिवस एकट्या मुकादमानं माहे किती दिवस खराब केले असतीन. हे जर जमते तं सुमनपाशी पण जमन. संक्रांतीले जातो. गुरुजींले सांगतलं नाई, उगाच खुश होतीन.

१५ जाने. ७९

गाडीत लिहून राह्यलो. अक्षर हालते. हालू दे.

सारं वाटोळं झालं.

काल संक्रांत. तिळगूळ झाला, जेवण झालं. मंग सासऱ्यानं साऱ्याइले बसवलं. सासू, वसंता, चुलतसासरे पण. म्हणे, सुमन, जे असन ते जवाईबापूसमोर बोल. मी मनात म्हटलं, ठीक. आज नियमानं चालाचं. मधात तोडाचं नाई, उत्तर द्याचं नाई, समजावाचं नाई.

सुमननं सुरू केलं. मी मान खाली घालून ऐकून राह्यलो. ती बोलूनच राह्यली, मले दोनदा वाटलं म्हणावं हे खोटं हाये, पण जीभ चावली. हात शिवशिवत होते. पिशवीत टकळी होतीच. काहाडली. पेळू लावला. सूत कातत ऐकत बसलो. आणि खरं सांगतो, पह्यल्यांदा मले तिचा आवाज बराबर ऐकू आला. ती रडत होती. माहं सूत एकदाही तुटलं नाई.

ती थांबली. आता पेळू संपेस्तोवर चुप्पी. मी कातून राह्यलो.

सासरा उठला. "मी पोरीचं रडणं ऐकवाले बसवलं, अन् जवाई सूत काहाडून राह्यले!"

चुलतसासरा म्हणे, येड लागलं का याले? सासू आत गेली. आणि सुमन. सुमननं मले असं पाह्यलं की, मुकादमाच्या शंभर शिव्या घेईन मी, पण ते पाहणं नाई. म्हणे, "मुके झाले का तुमी? आधी ऐकत नव्हते, आता दाखवून दाखवून ऐकत नाई."

मी तवाही बोललो नाई. पेळू बाकी होता ना! अर्धी वीत राह्यला होता. गाढव! गाढव मी!

रातभर ओसरीवर पडलो, सकाऊन निघालो. वसंता स्टेशनवर सोडाले आला. तिथं त्याले सारं सांगतलं. टकळी, पेळू, विहिरीवरची बाई, झोपणारे पांडुरंगभाऊ. त्यानं पह्यले तोंड फाडून पाह्यलं, मंग हसला. असा हसला की बाकावरून पडता पडता राह्यला. हमाल जमा झाले. हसू दे. 

१८ जाने., गुरु.

वाचनाले गेलो नाई. गुरुजींनी काकूले पाठवलं. म्हटलं, डोकं दुखते.
काकू म्हणे, "कोनाचं?"

२१ जाने., रवि.

गेलो. दुसरं करन काय. सांगतलं सारं. शेठ कापूस तोंडावर धरून हसला. गुरुजी हसले नाई. म्हणे, "चुप्पी तं दोघाइनं मिळून ठरवाची असते, लेका. एकट्यानं धरली तं तो रुसवा होते."

हे पह्यले सांगाले काय झालं होतं? नियम सांगताना सांगत नाई, आणि मंग सांगते!

बाई अजून विहिरीवर. मी म्हटलं, गुरुजी, मी हे पुस्तक विहिरीत टाकतो.

१० फेब्रु., शनि.

सुमन आली.

जिनमधून घरी आलो तं वसंता खाटेवर बसून चहा पिऊन राह्यला आणि ती खोलीत झाडून राह्यली.  म्हटलं, आली?
म्हणे, "असे येडे लोक खरंच हायेत का, ते पाहाले आली. वसंतानं आमच्या आळीत साऱ्याइले करून दाखवलं, तुमी कसे सूत कातता ते."

ठरलं असं. वसंता आज सांजीले परत जाते, पुढच्या रविवारी येते. तिचं मन लागलं तं राहते, नाई तं त्याच्यासंग जाते. आणि मंग पुन्हा येणार नाई, सासऱ्यानं सांगून पाठवलं. वसंता निघताना मले बाजूले घेऊन म्हणे, "भाऊजी, टकळी लपवून ठेवजा."

११ फेब्रु., रवि.

ती वाचनाले आली. काकूजवळ उंबरठ्यापाशी बसली. मी वाचलं, जास्तीच अडखळलो. ती सातवी पास हाये. दोनदा तिनं ओठ हालवले, शब्द सांगाले, पण सांगतला नाई.

टकळ्या सुरू झाल्या. चुप्पी. आणि मधातच सुमन: "पण ती घरी काऊन जात नाई?"

शेठचं सूत तुटलं. गुरुजी म्हणे, बाई, चुप्पी हाये. नियम हाये.
ती म्हणे, "नियम तुमचा होय गुरुजी. विहिरीवर ती बसली हाये. तिच्या घरी लोक उपाशी असतीन, अन् तुमी सूत काहाडता?"

पांडुरंगभाऊ जागे झाले! पह्यल्यांदा. म्हणे, "बराबर बोलली पोरगी."
शेठ: "अरे बहू, मले दिवाळीपासून हेच इचाराचं हाये!"
आणि मंग सारेच बोलाले लागले. विहिरीवरची बाई भांडून आली. नाई, तिचा नवरा वारला. नाई, ती थकली फक्त. शेठ उभा राहून बोलून राह्यला. गुरुजी टकळी खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून बसले.

खोलीत येऊन मी तिले म्हटलं, गुरुजींसमोर असं बोलते का? आपण त्याइच्या घरात राहतो.
ती म्हणे, "पाहा, आता बोलता येते तुमाले. संक्रांतीले कुठं गेलती ही जीभ?"

१३ फेब्रु.

गुरुजी रुसले. काकूनं सांगतलं, दोन दिवस झाले, दुधाचा चहा सुद्धा घेतला नाई. आज मले हाक मारली. म्हणे, "तिले म्हण, गुरुवारी येजो. पण पेळू संपेस्तोवर थांब म्हणा. मंग काय इचाराचं ते इचार."

मी जाऊन सांगतलं. ती म्हणे, इचार करते. मधात मी. दोघाइचा टपालवाला झालो.

१५ फेब्रु., गुरु.

थांबली ती. पेळू संपेस्तोवर काकूच्या सुपातले हरभरे निवडले, बोलली नाई. मंग तिची बारी. म्हणे,

"मले वाटते, तिनं घरी सांगतलं असन की मले काही शिकाचं हाये. नवरा हो म्हणाला असन. चार वेळा सांगतलं, चार वेळा हो म्हणाला. मंग टाइम निघून गेला. त्याले पत्ताच नाई. तिचं भांडण कशाचं होईन? तो तं हो म्हणाला होता."

शेठ म्हणे, बहू, हे पुस्तकात कुठं हाये?
"पुस्तकात नाई. मनात राह्यलं ते सांगाचं होतं ना?"

  मले कान गरम झाल्यासारखं वाटलं.

खोलीत इचारलं, हे आपलं बोलली का? म्हणे, "पुलगावच्या शिवण क्लासचं. जूनमध्ये. तुमी भाकर खात होते तवा, आंघोळीले निघाले तवा, एकदा सडकेवर, एकदा झोपताना. चारही वेळा हो."

मले आठवत नाई. डोकं धरून बसलो, आठवून पाह्यलं. जूनमधला पाऊस आठवते, भाजी आठवते. हे नाई आठवत. अरे, नाई म्हटलं असतं तं निदान भांडण तरी झालं असतं.

१६ फेब्रु.

दुपारच्या सुट्टीत पळत जाऊन क्लासमध्ये तिचं नाव टाकून आलो. क्लासवाल्या बाईनं इचारलं, त्या स्वतः कुठं हायेत? म्हटलं, घरी, तिलेच पाह्यजे होतं. तसाच पळत घरी. सुमनले सांगतलं. वाटलं, आता हसन.

ती म्हणे, "मी म्हटलं होतं का, आता जाचं हाये?"
म्हटलं, चार वेळा म्हटलं होतं ना!
"ते जूनचं होतं. आता मले काय पाह्यजे ते इचारलं का कोनी?"

अरे देवा. मंग काय पाह्यजे तुले?
"बसा, सांगते."

आणि भोंगा झाला. जिनचा. मी म्हटलं सांजीले सांग, आणि पळालो. फाटकापाशी पोचल्यावर समजलं काय करून आलो ते. तिथून परत फिरता येत नाई, मुकादम उभाच. दिवसभर रेच्यात कापूस टाकला. कापसानं काही ऐकलं नाई, मी पण नाई.

सांजीले इचारलं. म्हणे, "गेलं ते."

१७ फेब्रु.

बोलली नाई. सायपाक केला, वाढलं. पेटी काहाडून पुसली. लुगडी घडी केली.

मी तीनदा इचारलं. तिसऱ्यांदा माहा आवाज चढला, मलेच समजलं. बाहेर जाऊन बसलो. गुरुजी अंगणात. म्हटलं, गुरुजी, सांगा आता काही.
म्हणे, "मले काय माईत? मी तं आयुष्यभर शिकवलं, ऐकलं कुठं."
उपयोगाच्या टाइमाले असं बोलते.

१८ फेब्रु., रवि.

वसंता सकाळच्या गाडीनं आला. पेटी दाराजवळ बांधून ठेवली हाये. दुपारची गाडी धराची, असं त्याचं म्हणणं. आज जिनले सुट्टी.

जेवणं झाल्यावर सुमन म्हणे, "बसा."

बसलो. हात मांडीवर, मोकळे. ती सातवीपासून सुरू झाली. शाळा कशी सुटली, कोनी सोडवली. मंग गावाकडं माह्या मायच्या घरी काहाडलेले लग्नानंतरचे दिवस. मंग इथं नळावरच्या बाया हिची नांदुऱ्याकडची बोली ऐकून हसत होत्या ते. हे मले कुठं माईत होतं? मी एकदा म्हटलं, "पण..." तिनं पाह्यलं. मी म्हटलं, नाई, बोल. मंग एका जागी तिनंच इचारलं, "तुमाले काय वाटते?" मी म्हटलं, मले वाईट वाटते. म्हणे, "बस. इतकंच पाह्यजे होतं, जास्त नाई." आणि पुढं सुरू.

वसंता दारातून: "ताई, गाडीचा टाइम झाला."
"तू चहा घे."
मंग पुन्हा: "ताई, आता निघू?"
"माहं बोलणं नाई झालं अजून."

गाडीची शिट्टी इथलोक ऐकू आली. गेली ती. वसंता खाटेवर आडवा होऊन म्हणे, सांजची एक हाये. पेटी दारातच हाये, सोडली नाई, उचलली पण नाई. राहते का जाते, मी इचारलं नाई. जिभेवर हाये, सारखं येऊन राह्यलं, पण नाई इचारलं.

ती स्टोव्ह पेटवाले उठली म्हणून इतकं लिहिलं. आता पाणी ठेवलं तिनं. पदराले हात पुसून समोर येऊन बसली. म्हणे, "लिहिता का ऐकता?"

ठेवतो.